वाटेत असलेल्या मालाला वाट मिळालीच पाहिजे

परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की आपल्यातले बरेच व्यापारी बंधू पान उलटतात. ते काम दिल्लीवाल्यांचे, आपण आपला गल्ला सांभाळावा, अशी एक समजूत आहे. ती सोडून देण्याची वेळ आली आहे. कापूस, कांदा, खारीक, बारदान आणि तयार कपडे, चाळीसगावच्या बाजारातल्या या पाचच जिनसा घ्या. या पाचांनाही शेजारच्या देशांशी असलेल्या बऱ्या-वाईट संबंधांची झळ कधी ना कधी लागली आहे. धोरण दिल्लीत, ढाक्यात नाहीतर इस्लामाबादेत ठरते, पण त्याचे बिल बाजार समितीच्या ओट्यावर फाटते. बिल आपल्या नावाचे असेल तर ते वाचून पाहण्याचा हक्कही आपलाच आहे.

नवे राष्ट्र जन्माला आले की त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो शेजाऱ्याशी कसे वागावे हा. दुकान बदलता येते, गिऱ्हाईक बदलता येते, शेजारचा देश बदलता येत नाही. आपल्या उपखंडात 1947 साली दोन नवी राष्ट्रे झाली आणि 1971 साली तिसरे. या तिघांनी एकमेकांशी केलेल्या व्यवहाराचा इतिहास व्यापाऱ्याच्या नजरेने वाचला तर त्यातून एकच धडा निघतो. दरवाजा उघडा ठेवावा की बंद, हा सरकारचा अधिकार आहे. पण दरवाजा बंद करताना जो माल उंबऱ्यावर उभा आहे त्याचे काय, याचा नियम पक्का हवा आणि तो पाळला गेला पाहिजे. तो नसला की मोठा व्यापारी कसाबसा तरतो, छोटा बुडतो.

बारदानाचा धडा

फाळणी झाली तेव्हा ताग पिकवणारा सुमारे तीन-चतुर्थांश मुलूख पूर्व बंगालमध्ये म्हणजे पाकिस्तानात गेला आणि तागाच्या साऱ्या गिरण्या कलकत्त्याच्या आसपास हिंदुस्थानात राहिल्या. कापसाचेही थोडेफार तसेच झाले. सिंध आणि पश्चिम पंजाबच्या कालव्यांवरचा लांब धाग्याचा कापूस तिकडे गेला, गिरण्या बहुतेक सगळ्या इकडे राहिल्या. एकाकडे कच्चा माल, दुसऱ्याकडे यंत्रे. दोघांनी बसून व्यवहार ठरवला असता तर दोघांचेही भले होते.

झाले उलटे. सप्टेंबर 1949 मध्ये इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली, पाठोपाठ भारताने रुपयाची किंमत साडेतीस टक्क्यांनी कमी केली. पाकिस्तानने आपला रुपया होता तिथेच ठेवला. त्यामुळे पाकिस्तानच्या शंभर रुपयांना भारताचे 144 रुपये मोजावे लागणार होते. हा दर भारताने मान्य केला नाही आणि दोन्ही देशांमधला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचा ताग पडून राहिला, कलकत्त्याच्या गिरण्यांना ताग मिळेना. अखेर फेब्रुवारी 1951 च्या करारात भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला. जी गोष्ट दीड वर्षाने मान्य करायची होती तिच्यासाठी दोन्हीकडचे शेतकरी, अडते आणि मजूर पिळले गेले. पुढे 1955 साली पाकिस्ताननेही आपल्या रुपयाची किंमत उतरवली, म्हणजे ज्यावरून भांडण झाले ते कारणही उरले नाही.

त्या भांडणाचा परिणाम मात्र कायमचा झाला. भारताने बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड वाढवली. पूर्व बंगालमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या. नारायणगंजची प्रचंड आदमजी ज्यूट मिल 1951 साली सुरू झाली आणि 2002 साली बंद पडली. जे काम एका घराने करायचे ते दोन घरांनी वेगवेगळे केले आणि पुढे प्लास्टिकच्या गोणीने दोघांचाही बाजार खाल्ला. आपल्या बाजारात बारदानाचा भाव विचारताना ही गोष्ट आठवावी.

नव्या राष्ट्राची अडचण

16 डिसेंबर 1971 रोजी ढाका मुक्त झाले आणि बांगलादेश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. भारताने आणि भूतानने त्याला 6 डिसेंबरलाच मान्यता दिली होती. शेख मुजीबुर रहमान यांनी सर्वांशी मैत्री, कोणाशीही वैर नाही, असे धोरण जाहीर केले. बोलायला सोपे, पण पाळायला फार अवघड. तिन्ही बाजूंनी भारत, तिजोरी रिकामी, रेल्वे आणि पूल युद्धात मोडलेले. 19 मार्च 1972 रोजी भारताशी पंचवीस वर्षांचा मैत्री करार झाला. त्याच महिन्यात व्यापार करारही झाला. त्यात सरहद्दीलगतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना खुल्या देवघेवीची मुभा होती. तस्करीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ती सवलत त्याच वर्षी गुंडाळावी लागली.

बांगलादेशात लगेच कुरबूर सुरू झाली की पश्चिम पाकिस्तानच्या हाताखालून सुटलो ते भारताच्या हाताखाली जाण्यासाठी का? ही भावना आपण समजून घेतली पाहिजे. नुकताच वेगळा झालेला धाकटा भाऊ थोरल्याकडून उसनवारी करतानाही मान ताठ ठेवतो, तसे हे आहे. म्हणूनच मुजीब यांनी फेब्रुवारी 1974 मध्ये लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेला हजेरी लावली. त्याच वेळी पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. चीनने 1972 साली नकाराधिकार वापरून अडवून धरलेले संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व सप्टेंबर 1974 मध्ये मिळाले. भारताशी मैत्री ठेवून इतर दारेही उघडायची, ही त्या देशाची चाल आजवर कमी-अधिक चालू आहे. तिला कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे, पण आपणही 1947 नंतर अमेरिका आणि रशिया या दोघांशी असेच वागलो. आपण त्याला अलिप्तता म्हणालो.

दुबळ्या राष्ट्राचे धोरण किती महाग पडते याचेही एक उदाहरण त्याच वर्षाचे आहे. बांगलादेशाने तागाची पोती क्यूबाला विकली. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला धान्याची मदत द्यायची नाही असा अमेरिकेचा कायदा होता. 1974 च्या भीषण दुष्काळात नेमकी त्यावरून धान्याची मदत अडकली. पोत्यांच्या एका सौद्यासाठी भुकेल्या देशाला ही किंमत मोजावी लागली. व्यापार आणि परराष्ट्र धोरण वेगळे असते असे म्हणणाऱ्याने ही हकीकत विसरू नये.

सार्कची गाडी कुठे अडली

दक्षिण आशियातील देशांनी एकत्र बसावे ही कल्पनाही याच नव्या राष्ट्राची. अध्यक्ष झियाउर रहमान यांनी 1980 साली ती शेजाऱ्यांपुढे मांडली. 1981 साली त्यांची हत्या झाली, पण कल्पना टिकली आणि 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यातच सार्कची स्थापना झाली. लहान राष्ट्राला मोठ्या शेजाऱ्याशी एकट्याने बोलताना जड जाते, पंगतीत बसून बोलताना हलके वाटते, हा त्यामागचा हिशेब होता. 1993 साली सवलतीच्या व्यापाराचा साप्टा करार झाला. जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादेत साफ्टा या मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि तो 2006 पासून अमलात आला.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिला. आग्नेय आशियातील आसियान देशांमध्ये हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे. नोव्हेंबर 2014 च्या काठमांडू बैठकीनंतर 2016 ची इस्लामाबादची शिखर बैठक रद्द झाली आणि ती गाडी तिथेच थांबली. भारत-पाकिस्तानच्या भांडणात बाकीचे सहा देश बिनकामाचे ताटकळले.

या भांडणाची किंमत आपल्या किराणा दुकानातही मोजली गेली. रमजानात आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात लागणारी खारीक मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून अटारीमार्गे येत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लावले, ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने अटारीचा नाका बंद केला. निरपराध माणसे मारली गेल्यावर कोणतेही सरकार गप्प बसणार नाही आणि बसूही नये. त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न आहे तो जिथे युद्ध नाही, रक्तपात नाही, तिथेही दरवाजे असेच धाडकन लावले जातात, त्याचा.

कापूस आणि कांदा

बांगलादेशाच्या निर्यातीच्या उत्पन्नात चार-पंचमांशाहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे आणि लागणारा जवळजवळ सगळा कापूस त्याला बाहेरून आणावा लागतो. आपल्या खानदेशात कापूस हेच रोकडीचे पीक. चाळीसगावची श्री लक्ष्मीनारायण गिरणी राष्ट्रीयीकरणानंतरही तगली नाही. गावच्या कापसाला गावची गिरणी उरली नाही, तेव्हा जिनिंगमधून निघालेली रुईची गाठ दूरच्या सूतगिरणीकडे जाणार हे उघड आहे. त्या गिऱ्हाइकांत बांगलादेश हे भारताच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. या गाठीवर शेतकरी जगतो, जिनिंगवाला जगतो, तसाच जिनिंगचा फिटर, हमाल, ट्रकचालक आणि रुई पिंजून गाद्या भरणारा पिंजारी बंधूही जगतो.

आता 5 मार्च 2012 चा दिवस आठवा. केंद्राने एका सूचनेने कापसाची निर्यात बंद केली. त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीरपणे नाराजी व्यक्त केली की आपल्याला विचारले नाही. आठवडाभरात बंदी सैल करावी लागली, एप्रिलच्या अखेरीस ती उठली. सरकारच्या दृष्टीने दोन महिन्यांचा मामला. पण भाव पडला तेव्हा ज्याला सावकाराचे देणे होते त्याने कापूस विकून टाकला होता. भाव सुधारला तो साठा धरून ठेवणाऱ्यासाठी. ढाक्याच्या गिरणीवाल्यानेही त्यातून एक गोष्ट लिहून ठेवली की सगळी मदार भारतावर ठेवायची नाही. आज ब्राझीलची आणि पश्चिम आफ्रिकेची रुई तिथे आपल्या रुईशी टक्कर देते आहे.

कांद्याची कहाणी याहून दुखरी. 29 सप्टेंबर 2019 रोजी निर्यातबंदी, 14 सप्टेंबर 2020 रोजी पुन्हा बंदी, 8 डिसेंबर 2023 रोजी पुन्हा, ती 4 मे 2024 पर्यंत. 2019 च्या बंदीनंतर काही दिवसांतच पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांनी हसत हसत सांगितले की आम्ही स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे. त्याच बोलण्यात त्यांनी मागितले ते एवढेच की बंदी घालायचीच असेल तर आधी कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू. ढाक्यात त्या वर्षी कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला. पाहुण्याने विनोदात बोलून दाखवलेली तक्रार होती ती, पण वर्ष उलटण्याच्या आत पुढची बंदी आली आणि तीही न कळवताच. सरहद्दीवर ट्रक अडकले, कांदा सडला. ओरड झाल्यावर अडकलेल्या काही मालाला सोडले गेले. पण सडलेल्या कांद्याची भरपाई कोण देणार? याच कांद्याने 2020 सालच्या टाळेबंदीत लासलगावहून मालगाडीने बांगलादेश गाठला होता. मनात आले की रस्ता सापडतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

दुसरी बाजूही ऐका

याचा अर्थ शेजारी नेहमी बरोबर आणि आपले सरकार नेहमी चूक असा नाही. 2011 साली भारताने बांगलादेशच्या जवळपास सर्व मालाला शुल्कमाफी दिली. त्यानंतर स्वस्त तयार कपडे आपल्या बाजारात आले. शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्या आपल्या कारागिराने, धुळे-मालेगावच्या यंत्रमागवाल्याने 'आमचे काय?' असे विचारले तर तो स्वार्थी ठरत नाही. मोठ्या मनाने दिलेल्या सवलतीचा बोजा शेवटी तोच उचलतो.

ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ताबदल झाला आणि संबंध आंबले. एप्रिल 2025 मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांतून तिसऱ्या देशात जाण्याची सोय काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीच्या नाक्यांवरून होणारी आयात थांबवली. मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा बंदरांतूनच येतील असे ठरवले. एकाने दार लावले म्हणून दुसऱ्याने खिडकी लावली. प्रत्येक पावलाला आपापली कारणे असतील. पण नुकसान झाले ते ज्याचा ट्रक त्या दिवशी नाक्यावर उभा होता त्याचे, मग त्या ट्रकवर पाटी बंगालीत असो की मराठीत.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. बांगलादेश किंवा पाकिस्तानशी व्यापाराची बाजू मांडली की मुसलमान व्यापाऱ्याकडे काही जण वेगळ्या नजरेने पाहतात. त्या भीतीने गप्प बसू नये आणि भावनेच्या भरात वाहूनही जाऊ नये. धर्म एक असल्याने व्यवहार आपोआप न्याय्य होतो असे असते तर 1971 घडलेच नसते. पूर्वेच्या तागाची कमाई पश्चिमेवर खर्च होते, ही बंगाल्यांची फार जुनी तक्रार होती. ढाक्याचा गिरणीवालासुद्धा आपला धर्म विचारून गाठ घेत नाही. तो धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा तपासून घेतो. खानदेशातून जाणाऱ्या गाठीत पाटलाचा कापूस असतो, मारवाडी शेठचे जिनिंग असते, आपल्या भावाची फिटरकी आणि हमाली असते. तेव्हा ही मागणी एका समाजाची नाही, साऱ्या खानदेशची आहे. ती तशीच मांडली पाहिजे.

मागावे काय

मागणी करताना नुसते 'व्यापार खुला करा' म्हणून भागत नाही. महागाई वाढली की शहरातल्या ग्राहकाचाही विचार सरकारला करावा लागतो, युद्धाचा प्रसंग आला तर नाके बंद होणारच. म्हणून मागणी नेमकी हवी.

पहिली गोष्ट. आपल्याच विदेश व्यापार धोरणात एक चांगला नियम आहे. निर्यातीवर एखादे बंधन आले तर ते येण्याआधी जी पक्की, मागे न घेता येणारी एल.सी. उघडली गेली असेल, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशाची हमी दिली असेल, तो माल पाठवू द्यावा असा त्याचा आशय आहे. सरकारने काय केले? सप्टेंबर 2020 च्या कांदाबंदीच्या सूचनेतच एक ओळ घातली की ही सवलत लागू राहणार नाही. एका हाताने लिहिलेला नियम दुसऱ्या हाताने खोडला. आपल्या व्यापारी संघांनी, बाजार समितीने आणि खासदारांनी एवढेच धरून बसावे की ही खोडाखोड बंद करा. युद्ध आणि रोगराई सोडून कोणत्याही कारणाने वाटेतला माल अडवू नका.

दुसरी गोष्ट. बंदी घालायचीच असेल तर पंधरा दिवसांची तरी मुदत द्या. मुदत दिली की साठेबाज फायदा घेतात असे सांगितले जाते. घेतीलही थोडा, पण मुदत न दिल्याने जो विश्वास जातो तो पुन्हा मिळायला वर्षे लागतात.

तिसरी गोष्ट. शुल्कमाफीने ज्या कारागिराचे नुकसान होते त्याला स्वस्त सूत, नवी यंत्रे आणि भांडवल द्या. शेजाऱ्याला दिलेल्या सवलतीची किंमत एकट्या शिंप्याने का मोजावी?

हे अशक्य नाही. भारत आणि बांगलादेशातला सरहद्दीचा करार 1974 साली झाला, एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या 162 वस्त्यांची अदलाबदल झाली ती ऑगस्ट 2015 मध्ये. एक्केचाळीस वर्षे लागली, पण झाली. गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार डिसेंबर 1996 मध्ये झाला आणि दोन्हीकडची सरकारे कितीदा तरी बदलली तरी तो चालला. जमीन आणि पाण्यासारख्या नाजूक बाबतीत लेखी नियम टिकू शकतो, तर कापसाच्या गाठीबाबत आणि कांद्याच्या गोणीबाबत का टिकू नये?

सरकारकडे बोट दाखवताना आपणही आपल्या बाजूने तयारीत राहावे. परदेशी माल पाठवणाऱ्याने तोंडी सौद्यावर भरवसा ठेवू नये, एल.सी. आणि तिची तारीख हातात असल्याशिवाय ट्रक हलवू नये, कारण उद्या हक्क मागायचा तर तोच पुरावा. 1957 साली स्थापन झालेल्या निर्यात पतहमी महामंडळाच्या विम्याची चौकशी करावी. खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशाने आयात बंद केली तर त्याचा आधार मिळू शकतो. आयात-निर्यात कोड काढणे आता अवघड राहिलेले नाही. एकट्याला जड वाटत असेल तर चार बागवान बंधूंनी, चार जिनिंगवाल्यांनी मिळून काम करावे. विदेश व्यापार महासंचालनालयाची नवी सूचना निघाली की ती त्याच दिवशी वाचणारा एक तरी शिकलेला मुलगा प्रत्येक पेढीवर असावा.

शेजाऱ्याशी पटले नाही तर बोलणे थोडे कमी करता येते, पण एकाच विहिरीवर पाणी भरायचे तर दोर आणि पाळी दोघांनाही ठरवून घ्यावी लागते. तीन राष्ट्रांना हे शिकायला पाऊणशे वर्षे पुरली नाहीत. पुढची बंदी येईल तेव्हा आपल्या गाठी आणि गोण्या नाक्यावर उभ्या असतील की पलीकडे पोचलेल्या असतील, हे आजच्या मागणीवर ठरणार आहे. चाळीसगावच्या बाजार समितीने पहिला ठराव करावा; बाकीचा खानदेश मागे राहणार नाही.